विहिरीत सोडलेल्या अळ्या

२ फेब्रुवारी
आजपासून मी चेन्नईकर. बँकेने सांगलीहून उचलून थेट पेरुंगुडीच्या शाखेत आणून टाकलं आणि मला त्याचं जराही दुःख नाही. घर असं मिळालंय की आईला फोनवर सांगताना मीच हसत होते. मालक राघोत्तमराव आणि त्यांच्या पत्नी सकवारबाई, दोघंही तंजावरकडचे मराठी. ते खाली, मी वर. माझा जिना मागच्या परसातून चढतो. परसात दोन नारळ, कढीपत्ता आणि एक जुनी दगडी विहीर. जवळच दलदल असल्यामुळे दिवसभर चतुर भिरभिरत असतात.

सकवारबाईंनी दारातच विचारलं, "जेवलीस की बाळ? नाही तर बैस, सांबारभात वाढतें." त्यांचं मराठी जुन्या पत्रांमधलं वाटतं, मध्येच एखादा तमिळ शब्द येऊन बसतो. राघोत्तमराव शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. अजूनही साधी गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सांगतात. गीझर कसा लावायचा, हे त्यांनी तीन मुद्द्यांत सांगितलं.

९ फेब्रुवारी
बँकेतली शेजारच्या टेबलावरची भव्या घरी आली आणि भेट म्हणून पिशवीभर पाण्यात वीस कोळंब्या घेऊन आली. नखाएवढ्या, लालचुटुक. खायच्या नाहीत, पाळायच्या. खिडकीशी पंधरा लिटरची काचेची टाकी मांडली. टाकी फार उघडीबोडकी दिसतेय म्हणत राघोत्तमरावांनी विहिरीच्या आतल्या पायऱ्यांवरचं मऊ शेवाळ खरवडून आणून दिलं. कोळंब्या लगेच त्यावर बसल्या. पुढचे बारीक हात सारखे तोंडाकडे नेत होत्या, घाईघाईने शेंगदाणे खाल्ल्यासारख्या. मी तासभर नुसती बघत बसले. एकटं राहायला आलेय, हे विसरायला झालं.

१८ फेब्रुवारी
सकाळी मोजल्या तर चौदाच. कुठे मेलेलीही सापडेना. संध्याकाळी बँकेतून येऊन टाकीला नाक लावून बसले, तेव्हा शेवाळातली एक तपकिरी काडी हलली. सहा पाय, मोठाले डोळे. जवळून एक कोळंबी चालली होती. काडीच्या हनुवटीखालून दुमडलेला हातासारखा जबडा सुटला, कोळंबीला धरून तोंडाशी घेऊन आला. कोळंबी जिवंत होती. डोक्यापासून खाल्ली जात असताना तिचे मागचे पाय पोहतच होते.

भव्याला फोटो पाठवला. ती म्हणाली, चतुराची अळी आहे, शेवाळातून अंडी आली असणार, चिमट्याने काढ आणि चिरड. मला चिरडवेना. चमच्याने काढून विहिरीत सोडली. राघोत्तमरावांना बरंच वाटलं. त्यांच्या मते या अळ्या डासांच्या अळ्या खातात, म्हणजे विहिरीचा फायदाच.

२४ फेब्रुवारी
आज अकरा अळ्या काढल्या. कोळंब्या चार उरल्या. पोटाशी अंडी धरलेली एक मादी होती, तिला मी रोज बघायचे. तिचे दोन अळ्यांनी दोन तुकडे केले. माझं डोकं फिरलं. एक अळी बशीत घेतली आणि कात्रीने मधोमध कापली. पुढचा अर्धा भाग तोंडातला घास चावतच राहिला. शेपटाकडचा भाग वेगळा पडलाय, याची त्याला खबरच नव्हती. बाकीच्या दहा विहिरीत.

३ मार्च
टाकी रिकामी केली. कोळंब्या संपल्या.

विहिरीतले बेडूक गेले चार दिवस ओरडत नाहीत, असं सकवारबाई म्हणाल्या. पाणी हात-दोन हात खालीच असतं. मी वाकून बघितलं तर काहीच दिसलं नाही, फक्त पाणी गढूळ.

दुपारी मी जिन्यात होते. परसातलं पिवळं मांजर कठड्यावरून आतल्या पायरीवर पाणी प्यायला उतरलं. पाण्यातून काहीतरी बाहेर आलं. तोच जबडा, पण माझ्या दंडाएवढा लांब. मांजराला मानेशी धरून आत ओढलं. मांजर दोनदा वर आलं. दुसऱ्या वेळी त्याला मागचे पाय नव्हते.

मी खाली जाऊन राघोत्तमरावांना सगळं सांगितलं. चमच्याने सोडलेल्या अळ्यांसकट. एवढ्या मोठ्या होतच नाहीत, असं ते म्हणाले. मग माझ्याबरोबर येऊन त्यांनी पाण्यावरचं रक्त बघितलं आणि विहीर झाकायला पत्रा शोधायला गेले.

७ मार्च
विहिरीवर पत्रा टाकून दगड ठेवले होते. तुळशीला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून सकवारबाईंनी आज सकाळी पत्रा वीतभर सरकवला आणि तांब्या बुडवला. त्यांची किंकाळी ऐकून मी धावले. राघोत्तमराव त्यांना कमरेला धरून मागे ओढत होते, आतून कुणीतरी हात ओढत होतं. मी कोयता उचलला आणि फटीतून घातला. तीन घावांत ते सुटलं. हाताची चार बोटं गेली होती. पत्र्यावर तो तुटलेला जबडा पडला होता, उघडत होता, मिटत होता. मी तो दगडाने ठेचला. थांबला तरी ठेचत राहिले.

८ मार्च
डॉक्टरांना सांगितलं की हात पंपात सापडला. दुसरं काय सांगणार. सकवारबाई अजून दवाखान्यात, मुलगी हरिप्रिया तांबरमहून आलीय त्यांच्यापाशी. मी राघोत्तमरावांजवळ रडले. मीच सोडल्या, म्हटलं. ते म्हणाले, "शेवाळ कोणी दिलं? मी दिलं. तूं कशाला रडतेस, ऊर्मी?" मग वहीत गणित मांडत बसले, विहिरीत पाणी किती आणि ब्लीचिंग पावडर किती लागेल. तमिळमध्ये स्वतःशीच पुटपुटत होते.

९ मार्च, सकाळ
चार पोती ओतली. पाणी उकळल्यासारखं झालं. पत्रा खालून धडधडत होता. मग सगळं शांत. राघोत्तमराव घाम पुसत हसले. मला म्हणाले, वर जा, आंघोळ कर, वासाने डोळे जातील.

दुपार
मेल्या नाहीत. पाणी सोसवेना म्हणून बाहेर आल्या.

खिडकीतून सगळं दिसलं. पत्रा उडाला. राघोत्तमराव कोयता घेऊन कठड्याशी होते. पहिलीचं डोकं त्यांनी फोडलं, दुसरीचेही पाय तोडले. तिसरीने त्यांची मांडी धरली. ते आत गेले. मी जिन्याच्या निम्म्यापर्यंत उतरले होते – पायाशी एक होती, मेंढीएवढी – मी वर पळाले. दार लावलं.

अग्निशमनला फोन केला. परसात जनावरं घुसलीत, माणूस विहिरीत पडलाय, म्हटलं. येतो म्हणाले.

सव्वातीन
त्या भिंतीवर चढतायत. हळू. माझ्याकडे बघतही नाहीत. उन्हात येऊन थांबल्या. एकीची पाठ मधोमध उलली. आतून ओलं, पांढरं काहीतरी –

पंख. चतुर होतायत.

राघोत्तमरावांनीच सांगितलं होतं एकदा. कातीतून निघाल्यावर तासभर मऊ असतात, उडता येत नाही. तेवढ्यातच मारायचं.

साडेतीन
एक मारली. जिन्याच्या कठड्यावर होती. खलबत्त्याच्या बत्त्याने. डोळा फुटला, हात कोपरापर्यंत आत गेला. तरी तिने माझ्या खांद्याचा लचका घेतला. टॉवेल बांधलाय. उजवा हात चालतोय अजून. वर अजून तीन. हात पोचत नाही.

पावणेचार
राघोत्तमरावांचा आवाज. विहिरीतून. जिवंत आहेत – पायरीला धरून आहेत वाटतं. ओरडतायत, "खाली येऊं नको, ऊर्मी." पुन्हा तेच.

मी उतरते आहे. दोर घेतलाय. बत्ता घेतलाय.

हरिप्रियाताई, ही वही तुम्हाला मिळाली तर आईंना घरी आणू नका. तुमच्या बाबांनी मला शेवटपर्यंत वरच राहायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, एवढंच. परसात कुणालाही –

पंख वाळले. खिडकीच्या जाळीवर बसलीय. जाळी फाट