डबल केबिनले ड्रायव्हर पाह्यजे

प्रिय इसरू,

गाडी तयार झाली, लेका! आताच शेवटचा नट आवळला, हात पुसले न पुसले अन् लिहाले बसलो. कागदाले ग्रीस लागलं असंन तं चालवून घेजो. फोन करून पाह्यला, पन तुह्या गावाले रेंज येते ती टेकडीवर. अन् लागला तरी तू 'हो, बरं, ठेवतो' याच्या पुढं जात नाई. म्हनून ही चिठ्ठी. पुरी वाच, अर्ध्यात सोडू नको, कामाचं शेवटी आहे.

मार्चमध्ये माह्या भद्रावतीच्या गॅरेजात एक डबल केबिन आली. ट्रकच, पन पुढं ड्रायव्हर, त्याच्या मागं मजुरायचा बाक अन् शेवटी उघडा डाला, तशी. कोळशाच्या ठेकेदाराकडं राबलेली. बाकाचा फोम उंदरायनं खाल्ला होता अन् पायाखालच्या भोकातून रस्ता दिसे. घेतली कोनं? दुर्गा मॅडमनं. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवतात, आवाज असा का इंजन चालू असलं तरी आयकू येते. त्यायले जंगलातल्या गावागावातून धानाचे जुने वाण गोळा करायचे आहेत. म्हनल्या, अल्ताफभाऊ, जिथी जीप माघारी फिरते तिथी जानारी गाडी करून द्या. आठ दिवस तिच्यातच राहायचं, तिच्यातच रांधायचं. मी म्हनलं, मॅडम, मी डाले बांधनारा मानूस, हे मले कुठं जमनार? तोंडानं असं म्हनलो, पन मनात लाडू फुटून राह्यले होते.

मंग काय! सहा महिने मी अन् माहा वेल्डर चंदन गाडीखालीच. ईदच्या दिवशी नमाज झाली का मी गॅरेजात, अन् घरून रुबीनानं शेवया डब्यात पाठवल्या, वरून निरोप का त्या डबल केबिनशीच निकाह लावून घ्या. डाला काढून फेकला. मागचे जोडटायर काढले, त्यायच्या मधात दगड फसते ना. आता एकेकच, पन माह्या कमरेले लागते एवढा. पुढच्या चाकायलेही इंजनाचा जोर पाह्यजे म्हनून लिलावातून मिलिटरीच्या जुन्या गाडीचा पुढचा एक्सल आनला. तो बसवता बसवता माही अर्धी दाढी पिकली. इंजनाची हवेची नळी टपावर नेली, म्हनजे नाल्याचं पानी बोनेटले टेकलं तरी त्याचा दम कोंडनार नाई. डाल्याच्या जागी लोखंडी खोली केली. दोघायले झोपाले जागा, गॅस, दोनशे लिटर पान्याची टाकी, अन् वाण ठेवाले सागाचे खाने. तू पाह्यशील तं तुले तिथंच राहावंसं वाटंन!

आता आमची फजिती आयक. खोली मी डाल्यासारखीच बसवली. बारा बोल्ट, खालच्या सांगाड्याले, चेसिसले, कच्चून. वीस वर्सं तेच करत आलो ना बापा. पयल्या ट्रायलले नदीकाठच्या खडकात गेलो. चंदन स्टिअरिंगवर, मी मागं खोलीत, कुठं आवाज येते काय पाहाले. एक चाक खड्ड्यात, एक दगडावर. चेसिस पिळली अन् तिच्यासंगं माही खोलीही पिळली. कोपऱ्याचं वेल्डिंग कर्रकन उकललं, दरवाजा असा फसला का उघडेचना. चंदननं मले खिडकीतून ओढलं, तं माहं पोट अडकलं! दोन लेकरायचा बाप तो, पन हसून हसून खाली लोळला. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाई. चौथ्या दिवशी आठवले तुहे बाबा. त्यायच्या बैलबंडीत बसून आपन नाला उतरत होतो, बंडी सारखी कुरकुर करे अन् मी भेलो होतो. कोलूकाका म्हनले का कुरकुरते तवाच तं टिकते. जोडाले खिळा नाई मारला, दोरानं बांधला, खिळ्यानं पयल्याच नाल्यात लाकूड फाटलं असतं. हे आठवलं अन् मी दहा बोल्ट काढून टाकले. मागं दोन पक्के ठेवले, पुढून खोली स्प्रिंगवर टेकवली. आता खाली चेसिस कितीही पिळो, वर खोली गुमान बसते. अनपढ मानसानं इंजिनिअरी शिकवली पाह्य मले!

परवा सावली गावाकडं वैनगंगेच्या रेतीत नेली. मॅडम टेबलावर चहाचा कप ठेवून मुद्दाम मागं बसल्या. पुढचं चाक हवेत उचललं तसे मी डोळे मिटले अन् अल्लाचं नाव घेतलं. गाडी काठावर चढली, मॅडम दार उघडून उतरल्या अन् म्हनल्या का सांडला, पन बशीतच सांडला. मी त्या रेतीत नाचलो, इसरू! लंगड्या पायानं, पन नाचलो.

आता काम. मॅडमले ड्रायव्हर पाह्यजे, दिवाळीपासून, महिन्याच्या पगारावर. चार जन आजमावले. डांबरावर वाघ, नाल्यात शेळी. मी तुहं नाव सांगून बसलो. चिखल पाहून नाला कुठून उतरावा हे सांगनारा, घरी गोंडी बोलनारा, सिरोंच्याकडं गेला तं तेलगूतही भाव करनारा दुसरा कोन आहे? तू काय म्हनशील ते मले माहीत आहे. सहा वर्सांआधी आलापल्लीच्या उतारावर आपला बांबूचा ट्रक नाल्यात पलटी झाला, माहा पाय मोडला, अन् तू स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच. मले डुलकी लागली असंन, असं तू सगळ्यायले सांगितलं. तवापासून दर उन्हाळ्यात चारोळी अन् मध पाठवतो, पन माह्या दारात पाय ठेवत नाई. हे सगळं मी गुमान घेत आलो.

परवाच्या ट्रायलच्या आधी डबल केबिनच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक गळाले लागला. नवा पार्ट यायचा होता. चंदन सहज म्हनला, त्या चाकाच्या ब्रेकतेलाची नळी ठोकून बंद करू, दोन दिवस तीन चाकायवर भागून जाईन. आपल्या धंद्यात कोन नाई करत? पन मी त्याच्यावर असा ओरडलो का बाजूचा पंक्चरवाला धावत आला. मंग मी त्याच्या हातातून हातोडी घेतली अन् गाडीच्या पायरीवर बसलो. तवापासून या गाडीच्या ब्रेकले मी कोनाले हात लावू देला नाई.

काऊन, ते आयक. आपल्या त्या ट्रकचीही पुढच्या डाव्या चाकाची नळी मी आदल्या दिवशी ठोकून बंद केली होती. तुले सांगितलं असतं तं तू गाडी काढलीच नसती, अन् माल त्याच दिवशी पोचवायचा होता. म्हनून नाई सांगितलं. उतारावर तू ब्रेक मारला, डावं चाक थांबलं नाई अन् गाडी उजवीकडं ओढली गेली. तू जागा होता. मी बाजूलेच बसलो होतो, मी पाह्यलं. दवाखान्यात तू माह्या पायाजवळ बसून रडला, तवाही माहं तोंड उघडलं नाई. मंग जेवढे दिवस गेले तेवढं सांगनं जड झालं, अन् मी भेकड निघालो. रविवारी मॅडमले घेऊन तुह्या गावी येऊन राह्यलो, चंदन चालवंन. शिव्या दे, थोबाडीत मार, दार लावून घे, जे करशील ते कबूल. गाडी घ्यायची का नाई ते तूच ठरव, पन माह्या पायापायी नाई म्हनू नको. तो माह्या हातानं मोडला, इसरू. तुहा हात चुकला नव्हता.

तुहाच, तू ठेवशील तं,
अल्ताफ