मूर्तीच्या हातातली पोळी

आये, मूर्तीच्या हातात तू पोळी ठेवलीस त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तू होतीस तोवर उद्यावर ढकलत राहिले, आणि आता तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. शाळेतून निवृत्त झाले, नातवंडं झाली, लोक सभांना बोलावून शाल घालतात. मी मात्र अजून त्या मांडवात कर्ण्यासमोर उभी आहे, विसाव्या वर्षाची, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, नको तेवढी शहाणी.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर देव्हाऱ्यातले टाक पवनेत सोडायला मीच तुला लावलं. हे आता आपले नाहीत, म्हटलं. तू वाद घातला नाहीस. टाक पदरात बांधून घाटावर बसलीस आणि एकेकाला पाण्यात सोडताना काहीतरी पुटपुटत राहिलीस. काय म्हणालीस, मी विचारलं. "जा म्हनलं बाबांनो, माजी लेक शिकलीया." मला हसू आलं होतं. मैत्रिणींना तुझी नक्कल करूनही दाखवली. तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर तू दिवसभर घमेली वाहायचीस, आणि सुट्टी झाली की वस्तीत येऊन विहाराच्या जोत्यासाठी पुन्हा घमेली. त्या जोत्यातली निम्मी माती तुझ्या डोक्यावरून गेली असेल. त्याच वेळी मी पलीकडच्या ओट्यावर बायकांना जमवून वंदना शिकवायची, आणि काय करायचं नाही तेही सांगायची: नारळ नाही, हळदकुंकू नाही, नवस नाही. तू त्या वर्गाला एकदाही बसली नाहीस, म्हणून मी चिडायची. तू माती वाहतेस म्हणून बसत नाहीस, हे डोळ्यांसमोर दिसत असून माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मूर्ती आली त्या दिवशी चिंचवड स्टेशनापासून मिरवणूक होती. फुलांनी मढवलेला ट्रक, बँड, लेझीम, वस्तीच्या तोंडाशी झेंडूची कमान. आपल्या माणसांसाठी एवढा थाट आजवर कुणी केला नव्हता. म्हातारी माणसं उगाचच कमानीखालून ये-जा करत होती. आमचे हेडमास्तर तेवढे कुरकुरले, देव सोडले आणि मिरवणूक ठेवली म्हणून. मला त्यांचा राग आला, कारण माझा ऊर भरून आला होता. पुढच्या खुर्च्यांवर पुण्याचे शिकलेले पाहुणे, मूर्तीशेजारी एक परदेशी भिक्खू, आणि सूचना देणारी मी. रांग पुढं सरकते आहे. फूल ठेवायचं, मेणबत्ती लावायची, बाजूला व्हायचं. तू येतेस. फडक्याची गाठ सोडतेस, गुळाची पोळी काढतेस आणि मूर्तीच्या मांडीवरच्या उघड्या तळव्यांवर ठेवतेस. मग अंगठ्यानं पायाला कुंकू लावतेस. मागं कुणीतरी हसतं. पाहुण्यांमधली एक बाई तोंडाला रुमाल लावते. तुला काहीच कळत नाही, तू आनंदात आहेस, माझ्याकडं बघून मोठ्यानं सांगतेस, "हात म्होरं करून बसलाय, रिकामा कसा ठिवायचा?"

मी कर्ण्यातून म्हणाले, "अहो बाई, हा म्हसोबा नाही. ते उचला आणि मागं सरा."

जन्मात मी तुला 'अगं आये' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. वस्तीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि मी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना ते कळू नये एवढ्यासाठीच मी तसं म्हणाले. इतक्या वर्षांत मी याला तत्त्वाचा मुलामा खूप दिला, पण खरं कारण हेच होतं. तू नुसती उभी राहिलीस, म्हणून पोळी मीच उचलली. भिक्खूंनी माझ्यापुढं हात केला. मला वाटलं, ती नजरेआड करायला मागताहेत. त्यांना कशाला त्रास, म्हणून मी "सॉरी सर" म्हणत कागदात गुंडाळून टेबलाखाली सारली.

संध्याकाळी घरी तू ताट मांडलंस आणि म्हणालीस, "जेवता का, बाई?" मी शाळेत शिकवायची, अर्धी वस्ती मला बाई म्हणायची, तेव्हा मी ती थट्टा समजले. पण तू पुढं कायम तशीच बोललीस. बाई, चहा घ्या. बाई, पोरीला झोपवा. जावयादेखतही. तुझ्या बोलण्यात राग नसायचा, तो असता तर मला भांडता तरी आलं असतं. एकदा न राहवून म्हटलं, आये, पुरे की आता. "मानानं बोलाया तुमीच शिकिवलं न्हवं," म्हणालीस आणि तांदूळ निवडत राहिलीस. विहाराचं अंगण रोज झाडायचीस, पायरी मात्र कधी चढली नाहीस. तुझे देव मी पाण्यात सोडायला लावले आणि नव्याच्या दारातून तुला हाकलून दिलं. तू कुणाकडं बघून हात जोडत असशील, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही काहीजण ब्रह्मदेशात जाऊन आलो. सोन्यानं मढवलेलं अवाढव्य मंदिर, नजर ठरत नव्हती. आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर भडकलेच, "यासाठी का आपण देव सोडले?" त्यांची बायको शेजारी रडत होती. आपल्या माणसाचं घर एवढं मोठं आहे हे ठाऊकच नव्हतं, म्हणाली. मला दोघांचंही पटत होतं. मग दिसलं, मूर्तीपुढं बायकांनी भाताच्या, फळांच्या ताटल्या मांडल्या होत्या, पाण्याचे पेले ठेवले होते. त्यांना कुणी उठवत नव्हतं. बाहेर आले तर भिक्खूंची रांग चाललेली, आणि बायका त्यांच्या पात्रात अन्न घालत होत्या. एका म्हातारीनं काहीतरी पानात बांधून आणलं होतं. त्यासाठी भिक्खूनं दोन्ही हात पुढं केले, आणि मी होते तिथंच खांबाला धरून खाली बसले. आये, मांडवातल्या त्या भिक्खूंना तुझी पोळी हवी होती गं.

काय झालं म्हणून सगळे गोळा झाले, तेव्हा मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. पोळी, कर्णा, सगळं. हे पान वहीतच राहणार आहे, म्हणून पुढचंही लिहिते. इंजिनिअरांची बायको डोळे पुसत म्हणाली, "न शिकता केवढं कळत होतं हो त्यांना. कोण होत्या त्या?" मी म्हणाले, होत्या आमच्या वस्तीतल्या एक. तुझी लाज वाटली म्हणून नव्हे. माझी आई म्हटलं असतं, तर दुसरंही सांगावं लागलं असतं. तिनं तेही विचारलंच, "आणि ती कर्ण्यावरची पोरगी?"

तिचं पुढं काय झालं कुणास ठाऊक, असं मी म्हणाले.