जाळीपासून एक अंगठा

३ जून

"तू मोजून ठेवतेस, ती ऐकून ठेवते." – जुन्या मालकांचं वाक्य. चोवीस वर्षं झाली. आम्ही दोघी बहिणी तेव्हा त्यांच्या स्टुडिओत माईक लावायला शिकत होतो. वायरी गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेले. कौतुक दोघींचं होतं, असं आई म्हणाली. आईला काय कळतंय!

आज ते वाक्य पुन्हा वर आलं, कारण बारक्याचा फोन. बारक्या म्हणजे आमचा गिटारवाला – दारातून आडवा होऊन आत येतो, म्हणून बारक्या. नवा आल्बम करतोय, माझ्याच स्टुडिओत. आणि त्याचा पहिला आल्बमही पुन्हा निघतोय. मी खूश. तेवढ्यात म्हणतो कसा, "धाकटीला पण बोलाव ना. दोघी माईक लावून बघा. जिचा आवाज जमेल, तिनं पुढची गिटार करायची."

जिचा जमेल! एकवीस वर्षं लोक माझ्याकडे कशासाठी येतात? त्या पहिल्या आल्बममधल्या गिटारसाठी. "बाई, तसला आवाज पाहिजे," म्हणतात. तो मी पकडलेला आवाज आहे. माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं आहे काय?

"बोलावते की," म्हणाले. हसूनसुद्धा.

५ जून

धाकटी आली. केस कापलेत. चांगले दिसतात.

७ जून

गिटारचा आवाज ज्यातून येतो ते कॅबिनेट लावलं. चार स्पीकरचं, पुढे काळी कापडी जाळी. माझी पद्धत ठरलेली. जाळीवर टॉर्च मारायची, आतला कागदी कोन आणि त्याच्या मधली टोपी दिसते. दोन्ही जिथे जुळतात, बरोबर तिथे साधा दणकट माईक, जाळीपासून एक अंगठा. टोपीकडे सरकला की आवाज टोचतो, कडेला गेला की गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मी पट्टीने मोजते. वहीत लिहिते. कपाटाचा एक अख्खा खण वह्यांचा आहे.

ती काय करते! अँप चालू करते, वाजवत कोणीच नाही, नुसती खरखर. हेडफोन लावते, डोळे मिटते आणि माईक हातात धरून स्पीकरसमोर हळूहळू फिरवत बसते – तापलेल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवावा तशी. चारांतला खालचा डावा निवडला. मी कायम वरचा उजवा घेते. गुडघे दुखतात, हे खरं कारण. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"ताई, हा खालचा जास्त बोलतो बघ."

"बोलतो म्हणजे?"

"म्हणजे… बोलतो गं."

आता हे मी वहीत काय लिहू?

८ जून

बारक्या पाठ करून बसला. न बघता ऐकलं. तिचा निवडला. तीनदा ऐकलं, तीनदा तिचाच. तरी म्हणतो, आणखी चार दिवस बघू, मग ठरवू.

९ जून

जेवताना नवरा म्हणाला, "भाजीत मीठ नाही. माईक हलला वाटतं?" हा दिवसभर लोकांच्या दाढा उपटतो आणि संध्याकाळी माझी चेष्टा करतो. मी मीठ पुढे सरकवलं. तर धाकटी लगेच, "भावजी, तुम्ही मुकाट्यानं जेवा. ताई दमलीय."

माझी बाजू घेते! माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासमोर! आणि तो ऐकतो तिचं. मी म्हटलं असतं तर आणखी दोन विनोद केले असते. लेक तर मावशीच्या खोलीतून हलत नाही. खळखळून हसत असतात दोघी. मी दारात गेले की हसणं थांबत नाही, हळू होतं. ते जास्त लागतं.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

११ जून

लिहायचं नव्हतं. लिहिते.

आज तिने दोन माईक लावले. माझा साधा, आणि शेजारी तिचा रिबनचा – नाजूक, उबदार आवाजाचा. दोन माईक एकाच स्पीकरसमोर असले की दोघांचं अंतर काटेकोर सारखं लागतं. एक जरा मागे राहिला की एकाचा आवाज दुसऱ्याला खातो, गिटार पोकळ होते. तिने कानाने जुळवलं. मी पट्टी लावून पाहिलं. रेघभरही फरक नव्हता.

ती आणि बारक्या चहाला खाली गेले. मी रिबन तीन बोटं मागे घेतला.

बास. एवढंच. पंचेचाळीस वर्षांची बाई, ऐन दुपारी, स्वतःच्या स्टुडिओत चोरासारखी.

वर आल्यावर बारक्याने वाजवलं. "अरे! पत्र्याच्या डब्यात बसलोय का मी?" धाकटी दोन क्षण ऐकत राहिली. मग उठली, कॅबिनेटपाशी गेली, रिबन होता तिथे आणून ठेवला. "माझंच चुकलं. स्टँड नीट आवळला नव्हता."

स्टँड तिने माझ्यादेखत आवळला होता. दोन्ही हातांनी.

माझ्याकडे बघितलंही नाही. बघायला हवं होतं.

१२ जून

डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. दुखत नव्हतं.

१३ जून

बारक्याचा निकाल. फोनवर नुसता घसा साफ करत होता. मीच म्हटलं, "तिला दे." तर म्हणतो, "तू रागावलीस का?" म्हटलं, "छे!" फोन ठेवल्यावर माईकची सगळी पेटी रिकामी केली, पुसली, पुन्हा भरली.

पहिल्या आल्बमच्या नव्या आवृत्तीचं काम मात्र माझं. जुन्या टेप कपाटातून काढल्या. ते तरी माझं आहे. ते कोणी नेऊ शकत नाही.

१५ जून

सकाळी टेप लावली. बारक्या सोफ्यावर. धाकटी बाजारात गेलेली, लेकीबरोबर.

बाकी सगळं बंद करून नुसती गिटार ऐकत होते. तेव्हा लेक पोटात होती, चौथा महिना. वाजवणं चालू असतानाच मळमळायला लागलं की मी तशीच धावायचे, टेप बंद करायचं भान नसायचं. तसंच एकदा झालेलं, ते टेपवर आहे. दार आपटलं. बारक्या वाजवत राहिला. आवाज बरा होता. बराच म्हणायचा. थोडा टोचणारा.

मग कॅबिनेटजवळ पावलं. स्टँड घासला. आणि आवाज बदलायला लागला – आधी बोथट, मग पुन्हा धारदार, मग हळूच, अगदी हळूच, तो भरला. तो! ज्यासाठी लोक येतात तो!

स्पीकरसमोरचा माईक स्पीकरच ऐकतो असं आपण धरून चालतो. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलेलं माणूसही तो ऐकतो. गिटार थांबली आणि धाकटीचा आवाज, वीस वर्षांच्या पोरीचा, पातळ –

"इथंच राहू दे आता."

बारक्या लांबून, "तिला सांगायचं ना?"

"नको. ओकून ओकून अर्धी झालीय ती. येईल, बघेल, मोजेल. तिला वाटू दे तिनंच ठेवला होता."

मग दार. मग माझा आवाज, "सॉरी हं. हलला नाही ना माईक?"

"नाही ताई."

मी सोफ्याकडे वळले. बारक्या बुटांकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, कुठे मावेना झाला. "मला वाटलं, तुला केव्हाच कळलं असेल," म्हणाला.

मोजलं होतं मी. परत येऊन मोजलं होतं! त्या दिवसाची वही काढून पाहिली. जाळीपासून एक अंगठा, टोपीच्या कडेवर. माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. ती जागा मी जन्मभर माझी म्हणून लोकांना देत आले.

संध्याकाळी ती पिशव्या घेऊन आली. "ताई, जुन्या टेप ठीक आहेत ना? बुरशी वगैरे?"

"ठीक आहेत," म्हटलं.

अजूनही हेवाच वाटतोय. कमी नाही झाला. वाढला.

१६ जून

पहिल्या आल्बमच्या वेष्टनातल्या पुस्तिकेचा मजकूर छापायला जायच्या आधी नजरेखालून घालायला धाकटीकडे पाठवला. गिटारच्या ध्वनिमुद्रणापुढे माझं नाव होतं, तिथे तिचं घातलं. ती पेन घेऊन बसेल, मला माहीत आहे. तरी सोबत चिठ्ठी जोडली –

"त्या दिवशी रिबन मी सरकवला होता. पान दोनवर तुझं नाव आहे. खोडू नकोस गं."