अमोलला शिकवलेला उतार

४ जाने., रवि.
वही पिरंगुटच्या बाजारातून आणून महिना झाला. आज पहिलं पान. रोज म्हणायचो आज लिहू, तेवढ्यात कुणीतरी गाडी काढायचं आणि मी मागं बसायचो.

आज लिहितोय ते अमोलमुळं. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. लातूरचा, हिंजवडीत कंप्युटरवर. ऑफिसातल्या तिघांबरोबर हिमाचलला स्कीइंगला चाललाय. मी तिकडं स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानात दोन हिवाळे काढले, हे त्याला वहिनीनं सांगितलं. "ह्यो लई घसरून आलाय तिकडं." झालं. म्हणतो, शिकव. कडक बर्फाची भीती वाटते.

हो म्हणालो. का म्हणालो? मी बूट पुसायचो, स्कीच्या कडांना कानस मारायचो. गिऱ्हाईक नसलं की तिथले स्की शिकवणारे नेगी उस्ताद मला दहा-पंधरा मिनिटं शिकवायचे. ते पण अर्ध्यात सोडलं आणि एका ट्रकवाल्याबरोबर पंजाबात… ते नंतर कधीतरी.

६ जाने.
आठवलं तेवढं सांगितलं. दिवसा वितळून रात्री परत गोठलेला बर्फ म्हणजे काच. सकाळच्या पहिल्या फेरीला जाऊ नको, ऊन लागू दे. स्की हातात आली की कडेवर नख ओढ. नखाचा भुसा निघाला तर धार आहे, नाहीतर बदलून माग, लाजू नको. निळसर चकाकणारा पट्टा दिसला की त्याच्यावर वळायचं नाही. गप सरळ जायचं आणि पलीकडच्या पांढऱ्यावर वळायचं. पडलास तर पाय खालच्या बाजूला, स्की उताराला आडव्या. घसरत असताना उठायला जाऊ नको.

अमोल मोबाइलमध्ये टिपून घेत होता. माझं बोलणं कुणी कधी टिपून घेतलं नव्हतं.

८ जाने.
घरामागची टेकडी. गवत वाळलंय, नुसत्या चपलेनं पण घसरायला होतं. दादा कंपनीत आहे, त्यानं भंगारातल्या प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या दिल्या. त्या अमोलच्या बुटांना सुतळीनं बांधल्या. चार वेळा तोंडावर पडला. आमचे वडील, आण्णा, खालून ओरडले, "आरं, मागं रेल की! टाचा रोव!" रेलला, आणि झकास खाली आला. मग मी पण तेच धरलं. मागं, मागं, शाबास.

वहिनी कपडे वाळत घालत होती. "येवढी डिग्री घेतली आन् घसरगुंडी खेळतोय."

वरून हिंजवडीच्या बिल्डिंगा दिसतात. एक घार त्यांच्या वर फिरत होती. तिच्याकडंच बघत बसलो. तासभर अमोल एकटाच घसरत होता.

११ जाने., रवि.
अमोल गेला. म्हणाला, तिकडं उस्ताद लावू का? मी म्हणालो, कशाला, तुला येतंय की.
हे मी म्हणालो.

१३ जाने.
आण्णांच्या मागून गवताचा भारा घेऊन उतरत होतो. आण्णा मागं रेललेले, टाचा रोवलेल्या, एक हात डोंगराकडं. मी पण तसाच. आमच्याकडं चालता येणारं लेकरू पण असंच उतरतं.
मध्येच थांबलो. भारा टाकला.

उस्ताद याच्यासाठीच तर ओरडायचे. "पीछे बैठा तो गया, बेटा." नडगी बुटावर पुढं दाबायची, गुडघे वाकलेले, हात पुढं, वजन खालच्या पायावर, छाती दरीकडं. मागं रेललं की कड बर्फ सोडते आणि स्की पळत सुटते. दरीकडं छाती करायची म्हटलं की माझं अंग आपोआप मागं जायचं. दोन हिवाळे जमलं नाही. सोडलं ते म्हणून. ट्रकवाला आपला निमित्ताला.

आणि अमोलला नेमकं तेच शिकवलं. वर शाबास.

आण्णा: "काय झालं रं, काटा भरला?"
म्हणालो, अमोलला उलटं शिकवलं.
"उलटं कसं? आमी जन्मभर असंच उतरतोय. पडलो का?"
आण्णांचं पण बरोबर आहे. हितं बरोबर आहे.

फोन केला. बंद. मेसेज टाकला: मागं रेलू नको, पुढं झुक, उस्ताद लाव. एकच टिक.

१४ जाने., संक्रांत
एकच टिक.
उस्तादांचा नंबर जुन्या मोबाइलबरोबर हरवला. अमोलच्या ऑफिसातलं कुणी ओळखीचं नाही. समजा मेसेज पोचला आणि त्यानं उतारावर उभं राहून वाचला तर? पाठ सांगते मागं, मी सांगतोय पुढं. जास्तच गडबडेल. डिलीट करू? नको. करू?

वहिनी तिळगूळ देताना म्हणाली, "त्येच्या घरी तरी कळीव."
"काय कळवू? काही झालं नाही."
"मग त्वांड का आसं केलंय?"

१५ जाने.
सकाळी सव्वानऊला अमोलचा फोटो आला. मागं चकचकीत उतार. हा स्कीवर मागं रेलून उभा, दात काढतोय. खाली लिहिलंय, "आज मोठा उतार. तुझी टेक्निक!"
सव्वानऊ. म्हणजे पहिल्याच फेरीला.
माझ्या मेसेजला दोन टिका आल्या. निळ्या होत नाहीत. लगेच फोन लावला, वाजला, उचलला नाही. दुपारी परत बंद.

फोटो मोठा करून बघतोय. निळा पट्टा आहे का सावली आहे, कळत नाही.

१६ जाने.
अजून निळ्या नाहीत. वेगवेगळी कारणं काढतोय. बॅटरी गेली. रेंज नाही. मोबाइल बर्फात पडला. फक्त मोबाइलच पडला.
निघावं का तिकडं? पण कुठल्या गावात उतरलेत तेच विचारलं नव्हतं. पौडला जाऊन यष्टी तरी…

दारात रिक्षा थांबली. वहिनी म्हणाली, "बग रं, कोन हाय." खिडकीतून बघितलं. एक बाई, हातात दोन पिशव्या, वरच्या खोलीकडं बघतायत.
"अमोल हितंच राहतो ना? मी त्याची आई. लातूरहून आले. कालपासून फोन लागंना गेलाय. हापिसातून कधी येतो?"
वहिनीनं त्यांना आत घेतलं. पाणी दिलं.
आता मला हाक मारतेय.