आतल्या बाजूची कडी

प्रिय ताई,

गावाबाहेरच्या माळावर मनोरुग्णालय बांधतायत. त्याची दारं मी बसवतोय. तुला तिथेच ठेवायचं असं घरात ठरलंय. तुला मात्र कोणी विचारलेलं नाही.

खोल्यांत खुंटी नाही. का, ते लिहीत नाही. खिडकी वीतभरच उघडते. तिची काच फुटत नाही ना, म्हणून मी बुक्की मारून पाहिली, तर हातच सुजला. मिस्त्री म्हणाले, "शहाण्या, काच पास झाली. तुझं काय?" तूही मला शहाण्याच म्हणतेस.

काल पहिल्या दाराला मी कडी बाहेरून ठोकली. घरी दादाने तुझ्या दाराला लावलीय, अगदी तशीच. नकाशा काढणाऱ्या बाई बघतच राहिल्या.

"अरे, कडी आतून हवी."

"आणि तिने उघडलंच नाही तर?"

"नर्सकडे किल्ली असते. पण आधी दार वाजवायचं. खोली तिची आहे."

मी कडी काढून आतून बसवली आणि ती लावून जरा वेळ आत बसलो. मिस्त्रींनी दार वाजवलं. "येऊ का रे?" आपल्या घरात तुला असं कधी कोणी विचारलं?

पत्र पाठवलं तर आधी दादाच वाचेल, म्हणून पाठवत नाही. रविवारी कामाला सुट्टी असते, तेव्हा मीच घरी येईन. कडी बाहेरून असली तरी आधी दार वाजवीन. तू "ये" म्हणालीस, तर आत येऊन विचारीन, तिकडे येतेस का. "नको येऊस" म्हणालीस, तर उंबऱ्याशी बसून राहीन.

तुझाच,
शहाण्या