दोघांचा एक पाढा

गुरुजी,

तुम्हाला पाहिलेलं माणूस आता गावात शोधून सापडत नाही. मी मात्र डोळे मिटले की अजून देवळामागच्या त्या शाळेत जाऊन बसतो. सारवलेल्या जमिनीवर आम्ही लहान पोरं मांडी घालून बसलो आहोत आणि तुम्ही एकेकाला उभं करून पाढे म्हणवून घेता आहात. माझी पाळी येते. पहिलाच शब्द ओठांवर अडकतो आणि पोरं हसतात.

माझ्या शेजारी माळ्याची पोर बसायची, वर्गातली एकटीच मुलगी. तिचा बाप कामरगावच्या बाजारात भाजी विकायचा. त्या दिवशी ती आपणहून उठली, माझ्याजवळ उभी राहिली आणि पाढा म्हणू लागली. तिच्या आवाजाबरोबर माझाही आवाज निघाला.

"तुले कोनं उठवलं?" तुम्ही दरडावलंत. "त्याची पाळी आहे."

"त्याले एकट्याले भेव लागते, गुरुजी. माझ्यासंगं म्हनू द्या."

तुम्ही छडी खाली ठेवलीत. तेव्हापासून आम्हा दोघांची पाळी एकच झाली.

मग पटकीची साथ आली. शाळा बंद राहिली. पुन्हा उघडली तेव्हा ती नव्हती. माझी पाळी आली, मी उभा राहिलो, सवयीनं बाजूला पाहिलं. वर्गात कोणी हसलं नाही. मागून पाटलाचा पोरगा उठून आला, मला सगळ्यात जास्त चिडवणारा. माझ्याजवळ उभा राहून त्यानं साताचा पाढा सुरू केला. त्याला तो येत नव्हता. "सात चोक चोवीस," तो म्हणाला. मला बरोबर उत्तर येत होतं, तरी मीही त्याच्यासोबत चोवीसच म्हणालो. तुम्ही फळ्याकडे तोंड फिरवलंत. खडूचा हात हलत होता, उमटत काही नव्हतं. मग म्हणालात, "पुढं म्हना, पोरंहो."

तुमच्या शेवटच्या आजारात मी भेटायला आलो होतो. तोवर मी मोठा झालो होतो, चारचौघांत नीट बोलू लागलो होतो. तुम्ही हळूच विचारलंत, "ते माळ्याची पोरगी... काय नाव होतं रे तिचं? मले आठवून नाही राह्यलं."

मी तोंड उघडलं. तुम्ही वाट पाहिलीत, मग माझ्या हातावर थोपटलंत. "जाऊ दे. तूबी इसरला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो आहे. मी विसरलो नव्हतो, गुरुजी. ते नाव एकट्याच्यानं निघत नव्हतं.