तळाचं सफरचंद

४ ऑक्टोबर, शनिवार

भाचीनं दारात खोकं आदळलं. बूटही न काढता म्हणाली, "मावशी, झाडाची आहेत. आईला कळू देऊ नकोस, चोरून आणलीत." आणि गेलीसुद्धा. दातांची डॉक्टर आहे. कुठं दोन मिनिटं टेकली की लोक तोंड उघडून दाखवतात, म्हणून कुठं टेकतच नाही.

ताईच्या परसातल्या झाडाची सफरचंदं! तीन वर्षांनी!

प्रत्येक फळ वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं, वर दोन पीळ, सशाच्या कानांसारखे. एक नासलं तर शेजारचं नासू नये म्हणून ही ताईची पद्धत. पोरगी आईचं बघून शिकली म्हणायची. एरवी तिला वाढदिवसाची भेट धड गुंडाळता येत नाही, नुसती चिकटपट्टी गुंडाळून देते.

एक उभ्या उभ्याच खाल्लं. बाजारातली सफरचंदं दिसतात राजकन्येसारखी आणि लागतात ओल्या पुठ्ठ्यासारखी. हे मात्र आपलं! डोळे बांधून दिलं असतं तरी सांगितलं असतं. जिभेला घरचा पत्ता पाठ असतो.

५ ऑक्टोबर, रविवार

आभार मानायला भाचीला फोन केला. तर म्हणते, घर विकलं. एकतीस तारखेला ताई लेकाकडे जाणार. कायमची. आगगाडीनं दोन दिवस लागतात तिथं जायला.

"कधी ठरलं?"
"चार महिने झाले."
"मला कुणी बोललं नाही."
"तू विचारलंस कुठं?"

भूल न देता उपटायची सवय.

"आणि झाडाचं काय?"
"झाडाचं काय असणार, मावशी."

आमचं लहानपण त्या घरात गेलं. आई इस्पितळात परिचारिका, तिच्या पाळ्या कधी सकाळच्या, कधी रात्रीच्या. स्वयंपाकघर ताईच्या ताब्यात. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी झाडावर, ती खाली झोळी धरून, "उतर गं माकडे!"

७ ऑक्टोबर, मंगळवार

ठरवलं. एकतीसच्या आत जायचं. रिकाम्या हातानं नाही, तिचाच सफरचंदाचा केक करून न्यायचा. माफी मागायला मला तोंड नाही. केक निदान पुढे तरी करता येतो.

पहिला केक आज झाला. म्हणजे कडा झाल्या. मधे लापशी. सुरी घातली तर सुरी बुडाली.

नवऱ्यानं जन्मभर शाळा तपासल्या. नापास हा शब्द त्याच्या जिभेवर येतच नाही. "कडांची प्रगती समाधानकारक आहे," म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहून टाकते एकदाचं. इथं कोण वाचतंय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रविवारच्या सदरात मी ताईच्या केकवर लिहिलं. मथळा 'आमच्या घरची वीट'. वाऱ्यानं आपटणारं दार आठवडाभर त्या केकनं अडवून धरलं, दाराचा रंग उडाला पण केकचा कण सांडला नाही, असं सगळं. अख्खं गाव हसलं. संपादकांनी फोन करून पाठ थोपटली. ताईच्या शेजारणींनी तिला तिच्याच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं.

ताईचा फोन आला. "बायका खूप हसल्या हं," एवढंच म्हणाली. मी मूर्ख, खूश झाले! त्या वर्षी खोकं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग मीही फुगले. एवढंसं विनोदाचं अंग नाही? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आमच्याकडे सुंभही शाबूत होता.

आणि खरं काय? तो केक वीटबीट काही नव्हता. इतका मऊ की ताटलीत ठेवताना धाप टाकायचा. त्या दिवशी मी चार तुकडे खाल्ले होते. चांगल्या केकवर विनोद होत नाही, म्हणून मी तो वाईट केला. खोटं लिहिलं. हशासाठी.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा केक. ओव्हन जास्त तापवला. काठाला कोळसा, मधे विहीर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भाची संध्याकाळी डोकावली. दुसऱ्या केकचा उरलेला काठ चावून म्हणाली, "मावशी, हा केक विकायला ठेव. माझा दवाखाना जोरात चालेल."

मग सांगितलं ते ऐकून हसू आलं नाही. ताईनं त्या लेखानंतर ओव्हन पेटवलाच नाही. त्यात आता कढया ठेवते.

"आईलाच विचार ना, कुठं चुकतंय ते."
"विचारेन."
"कधी? ती गाडीत बसल्यावर? तीन वर्षं बघतेय. लिहायला तुझे दोन्ही हात चालतात, बोलायची वेळ आली की दातखीळ. आणि दातखिळीवर माझ्याकडे औषध नाही."

तिची आई अशी बोलत नाही. मावशीवर गेलीय. भोगा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

संपादक: "सफरचंदांचा हंगाम आहे. ताईंवर अजून एक होऊन जाऊ दे! वाचक त्या विटेची अजून आठवण काढतात."

रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहून दिलं. खड्डे रागावत नाहीत. फोनही बंद करत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी फोडी चिरून त्यावर साखर आणि दालचिनी भुरभुरली, तेवढ्यात दारावर इस्त्रीवाला. मग त्याच्या सुनेची कहाणी. तास गेला. परत येऊन बघते तो पातेल्यात फोडी पाण्यात बुडालेल्या. केवढं पाणी सुटलं होतं!

सवयीनं पातेलं तोंडाला लावलं. एक घोट. आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले.

निळा कप. कान तुटलेला. शाळेतून आले की ताई तो पुढे करायची, "घे, पटकन पी, कुणाला सांगू नकोस." गोड, आंबट, दालचिनीचा वास असलेलं काहीतरी. मला वाटायचं, हे माझं खास सरबत. ताई फक्त माझ्यासाठी करते. वर्गात मिरवायचे.

सरबत कसलं! केकच्या फोडींना सुटलेलं पाणी. ते काढून टाकलं नाही तर केक मधे कच्चा राहतो. एवढीच ती कृती, आणि मी लहानपणभर ती प्यायले, पन्नाशी आली तरी शिकले नाही.

पण ओतूनही देता आलं असतं ना मोरीत? दिलं नाही. शाळा सुटेपर्यंत झाकून ठेवायची. आणि आता आठवून बघते, तिनं स्वतः त्यातला एक घोट कधी घेतला नाही. मीही कधी 'तू घे' म्हटलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तिसरा केक. ताटलीत ठेवला तेव्हा धाप टाकली त्यानं!

नवरा काही बोलला नाही. तीन तुकडे खाल्ले. तपासनीस गप्प बसला म्हणजे शाळा पहिली आली.

मी एक घास खाल्ला आणि उठले. खाताना समोर ती नाही तर ती चव घेऊन करायचं काय?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ताईला फोन लावला. दोन घंटा. "हॅलो?" आवाज तस्साच, 'लो'वर जरा उंच जाणारा. मागे खोकी सरकवल्याचा आवाज. "हॅलो, कोण?"

ठेवून दिला! या वयात! पंधरा वर्षं लोकांची भर चौकात टोपी उडवणारी बाई, आणि बहिणीला नाव सांगता येईना.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सोमवारी जायचं. सकाळची दहाची बस, तीन तासांचा रस्ता. फोन करून जाणार नाही, दारातून परत पाठवायला ताईला जड जाईल.

नवरा म्हणाला, "बरोबर येऊ का?" म्हटलं, नको. मार एकटीनंच खायचा असतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

काय बोलायचं त्याची तालीम चालू आहे. आरशासमोर. 'ताई, मी चुकले.' फार नाटकी. 'ताई, केक आणलाय.' फार लबाड. शेवटी ठरवलं, आधी परसात जायचं, झाडाला हात लावायचा. नव्या मालकाला एक फांदी मागून बघायची, कलम लागलं तर लागलं. झाडाखाली बसून दोघींनी केक खायचा. झाडासमोर ती माझ्यावर फार वेळ रागावणार नाही. त्याच्यासमोर कधीच रागावली नाही.

मधल्या दिवसांत खोकं आम्ही दोघांनी संपवत आणलं. तळाशी सहा उरलीत. उद्याच्या केकपुरती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे उठून सोलायला बसले. सहावं, अगदी तळाचं, कागदातून काढलं तर त्यावर चकचकीत लेबल. बाजारचं.

भाचीला फोन करून उठवलं. आधी जांभई, मग रडू. "झाड दोन वर्षांमागं वादळात पडलं, मावशी. ही आईनं बाजारातून आणली. नखानं एकेक लेबल खरवडत बसली होती दुपारभर. कागदही तिनंच गुंडाळले. म्हणाली, झाडाची आहेत म्हणून सांग, तिला बरं वाटेल."

केक गार करून, गुंडाळून ठेवलाय. फोडींचं पाणी प्यायले नाही. बाटलीत भरून घेतलंय. आज ते ताई पिणार.